दुभंगलेली टाळू आणि मानेचे मणके: नऊ वर्षांच्या एका मुलीचे प्रकरण

अकरा महिन्यांची असताना टाळूची फट शिवलेली एक मुलगी नऊ वर्षांची झाली आहे. तिचा आवाज अजून नाकातून येतो, म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी सुरू आहे. अशा वेळी दातांच्या उपचारांसाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये तिच्या मानेचा दुसरा आणि तिसरा मणका एकमेकांना जोडलेले दिसले, तर पुढे काय करावे, हा या अभ्यासाचा विषय आहे. हे प्रकरण कोणा एका विशिष्ट रुग्णाचे नाही. टाळू दुभंगलेल्या मुलांवर उपचार करताना पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या प्रसंगांवरून ते रचले आहे. त्यातील वैद्यकीय तपशील मात्र सर्वमान्य ज्ञानाला धरून आहेत.

पार्श्वभूमी

मुलीचा ओठ जन्मतः अखंड होता. फट फक्त टाळूला होती, कठीण टाळूच्या मागच्या भागापासून पडजिभेपर्यंत. ओठ न दुभंगता केवळ टाळू दुभंगलेली असणे हा स्वतंत्र गट मानला जातो. या गटात शरीरातील इतर जन्मजात दोष सोबत असण्याचे प्रमाण ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेल्या मुलांपेक्षा जास्त असते, आणि मानेच्या मणक्यांतील दोषांबाबतही अनेक अभ्यासांत हाच कल दिसला आहे. म्हणून या मुलीच्या बाबतीत ‘फक्त टाळू’ या नोंदीकडे सौम्य दोष म्हणून न पाहता अधिक शोध घेण्याचे कारण म्हणून पाहायला हवे होते.

तिसऱ्या वर्षी कानात पाणी साठत असल्यामुळे पडद्यात बारीक नळ्या बसवल्या गेल्या. टाळूच्या मुलांत हे नेहमीचे आहे. दोन वर्षांच्या वाचा-उपचारांनंतर उच्चारांच्या जागा बऱ्याच सुधारल्या, पण ‘प’, ‘ब’, ‘ट’ हे तोंडात हवेचा दाब लागणारे वर्ण क्षीणच राहिले. ती ‘पापा’ म्हणत असताना नाकपुड्यांखाली थंड आरसा धरला की प्रत्येक ‘प’ला आरशावर धुकट ठसा उमटत असे. नाकातून दुर्बीण घालून पाहिल्यावर मऊ टाळू उचलली जाते, पण घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचण्याआधी थोडी कमी पडते आणि मध्ये फट राहते, असे दिसले. फट लहान होती. शस्त्रक्रियेचा निर्णय या टप्प्यावर झाला.

मान लक्षात आली कशी

मान तपासायची म्हणून कोणी तपासली नव्हती. वरचा जबडा मागे राहिल्यामुळे दात उलटे बसत होते आणि त्याच्या नियोजनासाठी ऑर्थोडॉन्टिस्टनी (दात आणि जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या दंततज्ज्ञांनी) डोक्याचा बाजूने एक्स-रे, म्हणजे लॅटरल सेफॅलोग्राम, काढला होता. या फिल्ममध्ये कवटीच्या तळापासून चौथ्या-पाचव्या मणक्यापर्यंतची मान आपोआप येते. मुलाची वाढ कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवण्यासाठी ऑर्थोडॉन्टिस्ट दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या खालच्या कडा पाहतात. वयात येण्याच्या सुमारास त्या कडांना खोलगटपणा येतो आणि मणक्यांच्या धडांचा, म्हणजे समोरच्या जाड भागांचा, आकार बदलत जातो. या फिल्ममध्ये दुसऱ्या मणक्याची खालची कडच सापडेना, म्हणून टप्पा ठरेना. आणि तो का ठरत नाही हे पाहताना जोड लक्षात आला.

हा योगायोग मला फार बोलका वाटतो. टाळूच्या जवळजवळ प्रत्येक मुलाची अशी फिल्म कधी ना कधी काढली जाते. ती जबड्यासाठी काढलेली असल्यामुळे मानेचा भाग वाचणे हे कोणाच्याच कामात धरलेले नसते. एक्स-रे नव्याने काढावा लागत नाही, किरणांचा जादा डोस नाही, खर्च नाही; फक्त फिल्मच्या मागच्या तिसऱ्या भागाकडे एक मिनिट नीट पाहायचे असते.

फिल्म वाचताना

फिल्मवर तीन गोष्टी संशयास्पद होत्या आणि त्या तिन्हींचे वजन सारखे नव्हते.

पहिली गोष्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यातील. त्यांच्या धडांमध्ये चकतीची, म्हणजे दोन मणक्यांमधल्या मऊ गादीची, जागा दिसत नव्हती आणि जोडाच्या पातळीवर हाड समोरून-मागून आत ओढल्यासारखे, कंबरेसारखे निमुळते झाले होते. हा निमुळतेपणा महत्त्वाचा आहे. जंतुसंसर्गाने किंवा इजेनंतर जोडलेल्या मणक्यांत तो सहसा नसतो. जन्मतःच वेगळे न झालेल्या मणक्यांची ती खूण मानली जाते. मज्जारज्जूला मागून वेढणाऱ्या हाडाच्या कमानीही एकसंध वाटत होत्या.

दुसरी गोष्ट तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यातील. इथेही मागच्या सांध्याची रेषा पुसट होती आणि पहिल्या अहवालात ‘दोन पातळ्यांवर जोड’ असे लिहिले गेले होते. पण धडांमधील चकतीची जागा स्वच्छ, रुंद आणि सरळ होती. मानेतील लहान सांध्यांचे पृष्ठभाग तिरके असतात. डोके जरा फिरलेले असले किंवा किरण थोडे तिरके पडले, तरी दोन्ही बाजूंच्या सांध्यांच्या सावल्या एकमेकांवर येतात आणि सांधा बुजल्याचा भास होतो. बाजूच्या एका एक्स-रेवरून मणके जोडलेले आहेत असे ठरवणाऱ्या अभ्यासांत असे भास मोजले गेले असण्याची शक्यता मोठी आहे. टाळूच्या मुलांत मानेच्या दोषांचे प्रमाण एका अभ्यासात थोडे आणि दुसऱ्यात कित्येक पट असे दिसते, त्यामागे हे एक ठळक कारण आहे. इतर कारणे म्हणजे मुलांची वये आणि ‘दोष’ कशाला म्हणायचे याची वेगवेगळी व्याख्या.

तिसरी गोष्ट पहिल्या मणक्याची, म्हणजे ॲटलसची. ॲटलस हे कवटीखालचे कडे आहे. बाजूने पाहताना त्याच्या मागच्या कमानीच्या टोकाशी जी उभी पांढरी रेषा दिसायला हवी, ती इथे नव्हती. दोन्ही बाजूंच्या कमानी मध्यरेषेत एकमेकींना न मिळाल्या की असे होते. इथे वयाला फार महत्त्व आहे. मागची कमान साधारण तीन-चार वर्षांच्या सुमारास मध्यरेषेत हाडाने जुळते. तीन वर्षांच्या मुलाच्या फिल्ममध्ये हीच फट दिसली असती, तर वाट पाहा एवढेच सांगावे लागले असते. नऊ वर्षांच्या मुलीत ती खरी फट मानावी लागते. तरीही घाबरण्याचे कारण नव्हते, कारण इतर बाबतींत निरोगी असलेल्या शंभर माणसांपैकी साधारण चौघांच्या ॲटलसच्या मागच्या कमानीत कमी-अधिक दोष सापडतो आणि त्यातील बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याचा जन्मजात जोड मात्र सर्वसाधारण लोकांत शंभरात एकापेक्षाही कमी जणांत असतो.

मानेची तपासणी

फिल्म हाती आल्यावर मुलीला पुन्हा तपासले. मान फार आखूड नव्हती, मानेवरची केसांची रेघ खाली उतरलेली नव्हती आणि दोन्ही खांद्यांची पाती समान उंचीवर होती. हनुवटी छातीला लावायला सांगितले तर ती सहज लावत होती. ‘हनुवटी खांद्याला लाव’ असे सांगितल्यावर उजवीकडे ती जवळजवळ पोहोचली. डावीकडे मात्र हनुवटी दोन बोटे अलीकडेच थांबली आणि उरलेले अंतर भरून काढण्यासाठी तिने नकळत डावा खांदाच वर उचलून हनुवटीकडे नेला. पालकांना ती तिची लकब वाटत होती. खांद्यावर अलगद हात ठेवून पुन्हा करायला लावले, तेव्हा मानेची मर्यादा उघड झाली.

कानाकडे मान झुकवण्यातही दोन्ही बाजूंना थोडी उणीव होती. हातापायांची ताकद, चाल, प्रतिक्षेप, बोटांची कौशल्ये आणि लघवी-शौचावरील ताबा यांत काही दोष नव्हता.

मान फिरवण्याच्या क्रियेतील जवळजवळ निम्मा वाटा पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामधल्या सांध्याचा असतो. म्हणून दुसरा-तिसरा मणका जोडलेला असूनही मान बरीचशी फिरते आणि दोष वर्षानुवर्षे झाकला जातो. पण त्याच कारणाने जोडाच्या वरच्या सांध्यावर ताण वाढतो. ॲटलस वर कवटीला चिकटलेला आणि खाली दुसरा-तिसरा मणका एकसंध, अशी जोडी असेल तर सगळी हालचाल मधल्या एकाच सांध्यावर येते, आणि तो सैल होऊन मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका वाढतो. या मुलीत ॲटलस कवटीपासून सुटा आहे की नाही, हा प्रश्न मणके जोडले आहेत की नाहीत यापेक्षाही निकडीचा होता.

टाळू आणि मान एकत्र का

टाळूची दोन पाने गर्भात आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभी लोंबत असतात. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास ती आडवी होतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत मध्यरेषेत जुळत पडजिभेपर्यंत पोहोचतात. त्यासाठी जीभ खाली सरकावी लागते आणि छातीवर वाकलेले गर्भाचे डोके वर उचलले जावे लागते. रॉस आणि लिंडसे यांनी १९६५ मध्ये यावरून अशी कल्पना मांडली की मानेच्या मणक्यांत दोष असल्यास डोके वेळेवर उचलले जात नाही, जीभ मध्येच अडते आणि टाळूची पाने जुळत नाहीत.

कल्पना आकर्षक आहे, पण ती एकटी पुरेशी आहे असे मला वाटत नाही. टाळू दुभंगलेल्या बहुतेक मुलांची मान निर्दोष असते आणि मणके जोडलेल्या बहुतेक माणसांची टाळू अखंड असते. चेहऱ्याची हाडे मुख्यतः मज्जाशिखेच्या (गर्भातील मज्जासंस्थेच्या कडेने निघणाऱ्या) पेशींतून आणि मानेचे मणके मणक्यांच्या मूळ खंडांतून तयार होतात. उगम वेगळे असले तरी दोन्ही घडामोडी लगतच्या जागी, एकमेकींना लागून असलेल्या आठवड्यांत आणि काही सामाईक जनुकीय संदेशांच्या आधाराने होतात. त्या काळात काही बिघडले तर दोन्हीकडे खुणा उमटाव्यात, हे स्पष्टीकरण अधिक व्यापक आहे. उपचार करणाऱ्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे: टाळू आणि मान दोन्हीकडे दोष सापडला, तर तिसऱ्या ठिकाणीही शोधायला हवे.

पुढच्या तपासण्या

आधी मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन बाजूचे एक्स-रे काढले. मुलगी जागी होती आणि मान तिने स्वतःच, सोसेल तेवढीच हलवली. कोणी हाताने ढकलली नाही. ॲटलसची पुढची कमान आणि दुसऱ्या मणक्याचा दंतासारखा उंचवटा यांतील अंतर दोन्ही स्थितींत ३ मिलिमीटरच्या आसपास राहिले. लहान मुलांत हे अंतर ५ मिलिमीटरपर्यंत चालते, मोठ्यांत ३ पर्यंत. सांधा स्थिर होता.

त्यानंतर कवटीच्या तळापासून चौथ्या मणक्यापर्यंतच्याच भागाचा, कमी डोसचा सिटी स्कॅन केला. संपूर्ण मानेचा स्कॅन करण्याची सूचना आली होती, पण थायरॉइड ग्रंथीवर पडणारे किरण आणि त्यातून मिळणारी जादा माहिती यांचा तोल पाहता ती मान्य केली नाही, हे योग्यच झाले. स्कॅनमध्ये ॲटलस कवटीपासून सुटा होता, मागच्या कमानीत मध्यरेषेवर लहान फट होती, दुसरा आणि तिसरा मणका धड व मागची कमान अशा दोन्ही ठिकाणी जोडलेले होते, आणि तिसरा-चौथा मणका पूर्णपणे वेगळे होते. पहिल्या अहवालातील दुसरी पातळी भास ठरली. एमआरआयमध्ये मज्जारज्जूला पुरेशी जागा होती आणि मेंदूचा भाग खाली उतरलेला नव्हता.

दोनपेक्षा अधिक मणके जन्मतः जोडलेले असोत की दोनच, अशा स्थितीला क्लिपेल-फाइल सिंड्रोम म्हणतात. मॉरिस क्लिपेल आणि आंद्रे फाइल यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. आखूड मान, खाली उतरलेली केसांची रेघ आणि कमी हालचाल ही तिन्ही लक्षणे निम्म्याहून कमी रुग्णांत एकत्र दिसतात. म्हणून मान पाहून ‘तसे काही दिसत नाही’ म्हणणे धोक्याचे आहे. या स्थितीत साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या मूत्रमार्गात दोष असतो. पोटाच्या सोनोग्राफीत या मुलीचे डावे मूत्रपिंड नव्हते. उजवे आकाराने मोठे झालेले आणि उत्तम काम करणारे होते. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन आणि रक्तदाब ठीक होते. पण शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांसाठी आयब्युप्रोफेनच्या जातीची औषधे टाळावीत, ही नोंद त्यामुळे करता आली. हृदयाच्या इकोत दोष नव्हता. श्रवणचाचणीत सौम्य ऊनश्रवण, म्हणजे ऐकण्यातील उणीव, आढळली, पण ती मधल्या कानामुळे होती.

२२क्यू११.२ या गुणसूत्र-भागाची तूट आहे का, ही तपासणीही केली. नाकात बोलणे, टाळूचा दोष आणि मानेच्या वरच्या मणक्यांतील दोष ही त्या सिंड्रोमची ओळखीची संगत आहे. शिवाय त्यात मानेतील मोठ्या रक्तवाहिन्या घशाच्या मागच्या भिंतीत मध्यरेषेकडे सरकलेल्या असू शकतात, आणि घशावर शस्त्रक्रिया करणाऱ्याला हे आधी माहीत असणे अत्यावश्यक असते. चाचणी नकारात्मक आली. दुर्बिणीतही भिंतीवर स्पंदन दिसले नव्हते.

शस्त्रक्रिया

टाळूच्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्या खांद्यांखाली उशी ठेवून मान मागे झुकवतात आणि तोंड उघडे ठेवणारे साधन लावतात. निरोगी मानेला हे सोसते. इथे भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी मुलीला जागेपणी उताणे झोपवून ती आपणहून मान किती मागे नेते आणि त्या स्थितीत काही मिनिटे मुंग्या, दुखणे किंवा चक्कर न येता राहते का, हे पाहिले. तीच मर्यादा शस्त्रक्रियेच्या दिवशी पाळायची ठरली. जाड उशीऐवजी पातळ गादी आणि डोक्याखाली कडे वापरले, आणि दिसण्यात पडणारी उणीव मान आणखी न वाकवता टेबल डोक्याकडून खाली झुकवून भरून काढली. श्वासनलिकेतील नळी व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने, मान हाताने सरळ रेषेत धरून घातली. लवचिक दुर्बीणही तयार ठेवली होती. भुलेत स्नायू सैल पडतात, त्यामुळे जागेपणी मानेला जे संरक्षण असते ते राहत नाही. म्हणूनच जागेपणीची मर्यादा आखून घेणे हा या प्रकरणातील सर्वांत उपयोगी निर्णय होता असे मी मानतो.

कोणती शस्त्रक्रिया करावी यावरही मानेने प्रभाव टाकला. मऊ टाळू घशाच्या मागच्या भिंतीला साधारण ॲटलसच्या पातळीवर टेकते. त्यामुळे वरच्या मणक्यांतील दोष घशाची खोली बदलू शकतात. घशाच्या भिंतीची पट्टी उचलून टाळूला जोडणे हा एक पर्याय होता. पण एमआरआयमध्ये टाळू उचलणारे स्नायू आडवे न जाता अजून पुढच्या बाजूला उभ्या दिशेने चिकटलेले दिसले आणि टाळू व घशाच्या भिंतीमधली फट लहान होती. म्हणून स्नायू मागे नेऊन टाळूची लांबी वाढवणारी फर्लो पद्धत निवडली. तिचा आणखी एक फायदा असा की घशाच्या मागच्या भिंतीला जखम होत नाही. तिथल्या दाहानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर पहिल्या-दुसऱ्या मणक्याचा सांधा फिरून अडकण्याची एक दुर्मीळ गुंतागुंत, ग्रिझेल सिंड्रोम, होऊ शकते. आधीच दोष असलेल्या मानेत ती ओढवून घेण्याचे कारण नव्हते.

पालकांना घरी जाताना लेखी सूचना दिली: मुलीची मान एका बाजूला कलून तशीच राहिली, सरळ करताना दुखू लागली किंवा हातापायांत मुंग्या आल्या, तर थांबून न पाहता त्याच दिवशी दाखवायला आणावे.

पुढील देखरेख

तीन महिन्यांनी ‘पापा’ म्हणताना आरसा जवळजवळ कोरडा राहिला. ‘स’ म्हणताना नाकातून थोडी हवा अजून येते आणि वाचा-उपचार सुरू आहेत.

मानेवर शस्त्रक्रियेची गरज नाही. दर वर्षी तपासणी आणि वाढीच्या वेगाच्या काळात पुढे-मागे वाकवून एक्स-रे, असे ठरले आहे. धावणे, पोहणे, सायकल यांना मोकळीक आहे. डोक्यावर उभे राहणे, कोलांटउड्या, पाण्यात सूर मारणे आणि अंगावर आदळण्याचे खेळ टाळायचे आहेत. जोड दुसऱ्या मणक्यापर्यंत पोहोचलेला असल्यामुळे ही बंधने घातली. तो खालच्या मणक्यांत असता तर कदाचित एवढी लागली नसती. पालकांना हे समजावताना बंधनांच्या आधी मोकळीक सांगितली, कारण टाळूच्या मुलाला शस्त्रक्रिया, चाचण्या आणि मनाई यांचे ओझे आधीच पुरेसे असते.

ऑर्थोडॉन्टिस्टनी वाढीचा टप्पा आता मनगटाच्या एक्स-रेवरून ठरवायला सुरुवात केली आहे. वरचा जबडा वाढ पूर्ण होईपर्यंत मागे राहिला, तर तो पुढे आणण्याची शस्त्रक्रिया किशोरवयाच्या अखेरीस लागू शकते. ती वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या भूलतज्ज्ञांच्या हातून होण्याची शक्यता आहे. म्हणून मुलीच्या फाइलच्या पहिल्याच पानावर तीन ओळी लाल अक्षरांत लिहिल्या आहेत: मान मागे नेण्याची मर्यादा, दुसरा-तिसरा मणका जोडलेला, डावे मूत्रपिंड नाही. त्याची एक प्रत पालकांकडे आहे, आणि भूल देण्याचा कोणताही प्रसंग आला की ती आधी दाखवायची, हे मुलीलाही सांगून ठेवले आहे.